मोटारीची जाहिरात आणि बंदुकीची गोळी

पलसाणा येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला सुरतेहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता छेदतो. मालमोटारींच्या त्या गर्दीतून वाट काढणाऱ्यास जाहिरातीतील रस्ता परकाच वाटावा. तो नेहमी निर्मनुष्य आणि स्वच्छ असतो. २००१ साली बी. एम. डब्ल्यू. या जर्मन कंपनीने मात्र आपली मोटार भलत्याच रस्त्याने नेली.

त्या वर्षी कंपनीने नामांकित दिग्दर्शकांकडून पाच लघुपट करवून घेतले आणि ते इंटरनेटवर दाखविले. क्लाइव्ह ओवेन याने रंगविलेला निनावी चालक हा पाचांचाही नायक. पैकी ‘पावडर केग’ हा मेक्सिकोचे आलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू यांचा. लॅटिन अमेरिकेतील एका गावी हत्याकांड घडले आहे. ते पाहिलेला युद्ध-छायाचित्रकार जेकब्स घायाळ होऊन पडला आहे, आणि त्याला सरहद्दीपार नेण्याचे काम चालकाकडे आले आहे. चित्र दाणेदार, धुरकट. जाहिरातीला लागणारी चकाकी त्यात औषधालाही नाही.

युद्ध आणि लघुपट यांचे नाते आपल्याकडेही जुनेच. १९४० साली सरकारने मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापिले; व्ही. शांताराम काही काळ त्याचे प्रमुख निर्माते होते. तेथे लघुपटाने युद्धाचा पुरस्कार करावयाचा होता. येथे युद्धाने मोटारीचा करावयाचा! दुसऱ्याच्या रक्तावर माल खपविण्याचा हा प्रकार अनुचितच, असे कोणी म्हटल्यास त्याला खोडून काढणे कठीण आहे. तथापि इन्यारितूंनी मोटारीला अभय दिलेले नाही, एवढे खरे.

इतके मृत्यू टिपले, वाचविले कोणालाच नाही, ही जेकब्सची खंत. फिल्म तो चालकाच्या स्वाधीन करतो, आणि आईसाठी गळ्यातील ओळखपट्टे देतो. पाहावयास तिनेच शिकविले, असे सांगतो. नाक्यावर शिपाई शस्त्र सरसावतो, तरी हा त्याचीच छायाचित्रे घेत राहतो. मोटार गोळीबारातून निसटते खरी. पण एक गोळी आसन भेदून गेलेली असते आणि जेकब्स गतप्राण झालेला असतो. कोणत्या विक्रेत्याने असे दाखवू दिले असते?

पुढे चालक त्या वृद्ध मातेच्या घरी जातो. मुलाला पुलित्झर पारितोषिक मिळाल्याचे सांगतो, ओळखपट्टे तिच्या हाती देतो. तेव्हा त्याच्या ध्यानी येते, की ती अंध आहे.