राज्यघटना आणि गावची चावडी
(संविधान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



राज्यघटनेचा विषय निघाला की डोळ्यांसमोर संसद येते, सर्वोच्च न्यायालय येते, कायदेपंडितांचे वाद येतात. परंतु घटनेची खरी कसोटी गावच्या चावडीवर लागत असते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामव्यवस्थेवर कठोर टीका केली. गावगाड्याचे चटके सोसलेल्या समाजाची व्यथा त्या टीकेमागे होती. दुसरीकडे, गावाला वगळून स्वराज्य कसले, असा अनेक सदस्यांचा सवाल होता. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचे कलम घटनेत आले. तेच आजचे कलम ४०. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व होते. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. पंचायतींना घटनात्मक अधिष्ठान लाभले ते ७३व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून.

या दुरुस्तीने दोन्ही बाजूंचे मर्म जपले. गावाला सत्ता दिली, पण ती जुन्या मिरासदारांच्या हाती एकवटू नये याचीही तजवीज केली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. ज्यांना चावडीची पायरी चढणे दुरापास्त होते, त्यांच्या स्वाक्षरीने आज ठराव होतात.

घटनेचे शब्द संसारापर्यंत कसे पोहोचतात, याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रात आहे. कलम ४७ दारूबंदीचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य मानते. या राज्यात गावातील परवानाधारक दारूदुकान बंद करण्यासाठी महिलांना गुप्त मतदान मागता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद होते. येथे हिशेब एकूण मतदारांचा असतो. म्हणून घरी बसलेल्या भगिनीचे न दिलेले मत दुकानालाच उपयोगी पडते.

नेमका येथेच आपला प्रश्न उभा राहतो. अनेक गावांत सरपंचपदी महिला असते, पण कारभार पती किंवा दीर पाहतो. शिक्का तिचा, शब्द दुसऱ्याचा! कागदोपत्री सारे यथास्थित असते. घटनेचा आशय मात्र उंबरठ्याबाहेरच तिष्ठत राहतो. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता ही विसंगती लोकशाहीलाच धोक्यात आणील, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. तो आजही तितकाच लागू आहे.

घटना खुर्ची देऊ शकते. त्या खुर्चीचा मान समाजानेच राखावा लागतो. त्यासाठी मोठ्या आंदोलनाची गरज नाही. ग्रामसभेच्या दिवशी घरातील सर्वांनी जावे. सभेपूर्वी होणारी महिलांची स्वतंत्र सभा केवळ नोंदवहीत उरकली जाऊ नये, याची कार्यकर्त्यांनी काळजी घ्यावी. वंचित वस्तीतील सदस्य बोलू लागला की इतरांनी ऐकावे. नवनिर्वाचित भगिनीला अंदाजपत्रक वाचायला शिकवावे, पण तिच्या जागी बसू नये.

संविधान दिनी उद्देशिकेचे वाचन होते, ते योग्यच आहे. उरलेले ३६४ दिवस तिचे आचरण व्हावे, एवढेच मागणे.