पाठीचा बाक आणि बोअरचं पाणी



पाठीला बाक आला की आपल्याकडं एकच निदान होतं, "वय झालं." सत्तरीतल्या आजीची हाडं ठिसूळ होतात, मणके दबतात, पोक येतो, हे खरंच आहे. पण नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत चाळिशी-पन्नाशीतली माणसं वाकलेली दिसतात. मागं बघायचं तर त्यांना सगळं अंग वळवावं लागतं. तिथं वयाला कशाला दोष द्यायचा? हापशाकडं बघा.

हा फ्लोरोसिस, पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडनं होणारा आजार. भारतात त्याची पहिली नोंद १९३७ साली झाली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. जास्तीचं फ्लोराइड वर्षानुवर्षं हाडांत साठत जातं. मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांत कॅल्शियम साचतं आणि लवचिक कणा लोखंडी कांबीसारखा आखडून पुढं झुकतो. एकदा झुकला की औषधानं सरळ होत नाही.

नांदेडच्या पूर्वेला, तेलंगणाच्या सीमेलगत, काळ्या पाषाणाखालचा ग्रॅनाइट वर येतो. फ्लोराइड मूळचं तिथलं. पण लातूरकरांनीही निर्धास्त राहू नये. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात बोअर किती खोल गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. खोलचं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, आणि जितका जास्त काळ ते मुरतं, तितकी फ्लोराइड त्यात उतरण्याची शक्यता वाढते.

पहिली खूण पाठीवर नसते, लेकरांच्या दातांवर असते. आडवे पिवळे-तपकिरी पट्टे, घासून न जाणारे.

मात्र प्रत्येक बाकामागं पाणी नसतं. पाठीत एकाच जागी टोक आलं, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. तो बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वयात येणाऱ्या मुलीचा एक खांदा वर दिसला तर तिला ओणवं उभं करा. पाठीची एक बाजू उंच वाटली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दप्तराला बोल लावू नका, बहुतेकदा कारण सापडतच नाही.

आता पुन्हा पाण्याकडं. ते उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेनं शोधली, आरओही चालतो. आधी तपासणी करून घ्या. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत न्यावा, काचेच्या नको.