जुना गुन्हा, नवी शिक्षा

वरच्या कोर्टात अपील करणारा नेहमी ‘मी गुन्हा केला नाही’ असेच म्हणतो, असे नाही. ‘गुन्हा कबूल, पण शिक्षा कायद्याबाहेर झाली’, अशीही तक्रार असते. आज अमेरिकेतील अशा एका अपिलाची हकीकत सांगतो.

तिथला कायदा असा. एकदा देशाबाहेर घालवलेला परदेशी माणूस परवानगीशिवाय पुन्हा आत आला, तर २ वर्षांपर्यंत कैद. पण बाहेर घालवण्यापूर्वी तो एखाद्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला असेल, तर तीच कैद २० वर्षांपर्यंत जाते.

१९९५ साली एका आरोपीने असे परत आल्याचे कबूल केले. पूर्वीचे तीन गुन्हेही त्याने नाकारले नाहीत. मात्र शिक्षेच्या वेळी तो म्हणाला, “आरोपपत्रात जुन्या गुन्ह्यांचा उल्लेखच नाही. मग २ वर्षांहून जास्त शिक्षा कशी?” न्यायाधीशांनी ऐकले नाही. शिक्षा झाली ८५ महिने, म्हणजे ७ वर्षे १ महिना.

तुम्ही म्हणाल, गुन्हे केलेच होते ना? मग कागदावर लिहिले काय, न लिहिले काय! पण मंडळी, तिथे गुन्ह्याचा प्रत्येक भाग आरोपपत्रात लिहावा लागतो आणि ज्यूरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचांपुढे, शाबीत करावा लागतो. तेव्हा जुना गुन्हा हा नव्या गुन्ह्याचा भाग, की केवळ शिक्षेचे माप? वाद होता तो एवढाच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ५ विरुद्ध ४ मतांनी अपील फेटाळले. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी बहुमताच्या वतीने लिहिले, की हे शिक्षेचे माप आहे. शिवाय जुने गुन्हे ऐकून ज्यूरीचे मन आधीच कलुषित होईल. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मत लिहिले.

२००० साली दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवले, की कमाल शिक्षा वाढवणारी प्रत्येक बाब ज्यूरीपुढेच शाबीत व्हावी. अपवाद फक्त पूर्वीच्या दोषसिद्धीचा. त्या वेळी, आधीच्या पाचांपैकी एक असलेल्या न्यायमूर्ती टॉमस यांनी आपली चूक मोकळेपणाने कबूल केली! एका मताने लागलेला निकाल, आणि ते मत देणाऱ्यालाच ते चुकीचे वाटले. तरीही तो निकाल रद्द झाला नाही. २०२४ साली न्यायालयाने त्या अपवादाची कक्षा अरुंदच राहील असे बजावले, इतकेच.

आपल्याकडे यावर एक सोपी तोड आहे. जुन्या दोषसिद्धीवरून शिक्षा वाढवायची असेल, तर ती दोषारोपात लिहावी लागते. पण सेशन्स खटल्यात चालू गुन्हा शाबीत होईपर्यंत ती वाचून दाखवीत नाहीत. आरोपीला आधी कळते, आणि न्यायही पूर्वग्रहापासून वाचतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हा प्रश्न जरूर टाका: मुलाने काल खोडी केली म्हणून आजची खोडी त्याचीच, असे धरावे का? आणि आजची शाबीत झाली, तर कालच्या खोडीचे वजन किती धरावे? हे दोन प्रश्न वेगळे ठेवता आले, की न्यायाचे अर्धे काम झाले.