निळा रंग, तांबडा प्रकाश

मेथिलीन ब्लू हा रंग १८७६ साली जर्मनीत हाइनरिख कारो याने तयार केला, तो आम्हां गिरणीवाल्यांच्या कापडासाठी. आज काही दंतवैद्य तोच रंग किडलेल्या दाताच्या मुळातील नळीत भरतात व त्यावर तांबडा प्रकाश सोडतात. जंतूंना चिकटलेला रंग प्रकाश शोषतो, जवळच्या प्राणवायूला चेतवतो आणि तो प्राणवायू जंतूंना मारतो. रंग व प्रकाश यांची ही मारक जोडी म्युनिकच्या ऑस्कर राबने १९०० साली दाखविली.
परंतु नळी कोरून औषधाने धुणे हेच मुख्य काम. प्रकाश केवळ मदतनीस. रोज बुडेल म्हणून दात उपटून घेणाऱ्या माझ्या कामगार बांधवाला आधी ते मुख्य काम परवडले पाहिजे. प्रकाशाचे मग पाहू!