मोटारसायकलची धुलाई आणि प्लॅस्टिकच्या भागांची निगा



एरवी मी तुमच्याशी बियाणं, खतं, फवारणी यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, मोटारसायकलचा. पण विचार करा, खताची गोणी, दुधाची किटली, भाजीचं गाठोडं आणि अडीअडचणीला घरातला आजारी माणूस, हे सारं आज याच गाडीवरून जातं. बैलाला आपण धुतो, खरारा करतो. मग गाडीचीही तशी निगा नको का राखायला?

जुन्या राजदूत गाडीची मडगार्डं पत्र्याची होती. त्यावर डिझेलचा बोळा फिरवला तरी भागायचं. आजच्या बहुतेक गाड्यांचा पुढचा डूम, बाजूची पॅनेलं आणि शेपटाकडचा भाग प्लॅस्टिकचा असतो. प्लॅस्टिक गंजत नाही हे खरं. पण पेट्रोल-थिनर, कडक ऊन आणि कोरडी घासाघीस हे त्याचे तीन शत्रू आहेत.

माझीच चूक सांगतो. नव्या रस्त्यावरून येताना डूमवर डांबराचे शिंतोडे उडाले. मी ते पेट्रोलच्या फडक्यानं पुसून काढले. डाग गेले, पण चकाकीही गेली आणि पुढं स्क्रूच्या भोकापासून बारीक चीर पडली. स्क्रूनं ताणलेल्या जागी पेट्रोल लागलं की असं प्लॅस्टिक चिरू शकतं. डांबर काढायला स्वयंपाकाचं तेल पुरतं. तेल लावा, थोडा वेळ थांबा, मऊ फडक्यानं पुसा आणि मग साबणाच्या पाण्यानं धुवा.

आता धुण्याची रीत पाहू.

१. गाडी सावलीत लावा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सायलेन्सरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधा. धुऊन झाल्यावर ती आठवणीनं काढा.

२. आधी नुसतं पाणी हळूहळू सोडून चिखल भिजवा आणि वाहू द्या. कोरड्या मातीवर फडकं घासलं की मातीतले खडे पॉलिश पेपरसारखे ओरखडे काढतात.

३. दोन बादल्या घ्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक साध्या पाण्याची. गाडीचा शॅम्पू किंवा सौम्य पातळ साबण वापरा. धुण्याचा सोडा, काथ्या आणि तारेची घासणी प्लॅस्टिकला लावू नका. वरून सुरुवात करा, चाकं शेवटी धुवा. चाकाचं फडकं वेगळं ठेवा.

४. जोराच्या फवाऱ्याची धार चाकाच्या मधोमध, स्विचवर आणि वायरींच्या जोडावर मारू नका. पाणी आत शिरतं, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघतं.

५. शेवटी स्वच्छ पाणी ओता आणि सुती फडक्यानं कोरडं करा. साखळी सुकल्यावर तिला तेल द्या. पण तेल किंवा पॉलिश टायरला, सीटला आणि ब्रेकला लागता कामा नये.

आता तुम्ही म्हणाल, प्लॅस्टिक गंजत नाही तर एवढा खटाटोप कशाला? बंधूंनो, प्लॅस्टिकच्या आड लोखंडच आहे, आणि तिथला चिखल बाहेरून दिसत नाही. त्यात खताची भर पडते. पोटॅश म्हणजे एक क्षारच. युरियाही हवेतला ओलावा ओढून घेतो. फाटक्या गोणीतून सांडलेले दाणे पॅनेलच्या मागं अडकले की ती जागा ओली राहते आणि आतून गंज धरतो. म्हणून खत वाहिलं त्याच दिवशी मडगार्डाच्या आतून आणि सीटखालून गाडी धुवा. गोणीखाली जाड पोतं टाका.

आणखी एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. ओला ब्रेक नीट धरत नाही. गाडी धुतली आणि तशीच उतारावर नेली, असं कधी करू नका. आधी सपाट जागी, अगदी हळू चालवत, दोन्ही ब्रेक पुन्हा पुन्हा दाबा. ते पहिल्यासारखे धरू लागले की मगच बाहेर पडा. माणूस मागं बसवायचा असेल तर जास्तच जपा.

उन्हाचंही ध्यानात ठेवा. बांधावर पडलेला पीव्हीसी पाईप काही वर्षांत कडक होऊन टिचतो, हे तुम्ही पाहिलंच आहे. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, त्या याच कारणानं. त्यांतली काजळी उन्हापासून त्यांचं रक्षण करते. गाडीच्या रंगीत प्लॅस्टिकला सावलीच हवी. पक्ष्यांची विष्ठा पडली तर ती लगेच भिजवून पुसा. झाकायला सुती कापड बरं, कारण ताडपत्रीखाली ओल कोंडते. सायलेन्सर गार झाल्याशिवाय काही झाकू नका. पॅनेलचा स्क्रू गळाला तर तारेनं आवळू नका. रबरी वॉशर घालून बेताचा कसा.

शेवटचं सांगणं. गाडी ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. तेल, ग्रीस आणि गाडीला लागलेलं औषध त्या पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी आपण आणि आपली जनावरं पितो.

दोन बादल्या पाणी, दोन मऊ फडकी आणि पंधरा दिवसांतून एकदा तासभर वेळ, एवढाच काय तो खर्च. येत्या सवडीच्या दिवशी बाजूचं पॅनेल उघडून आत एकदा नजर टाका, म्हणजे माझं म्हणणं पटेल.