०७२१ चे ४६५ होतात तेव्हा

आज कोडिंगच्या अशा कोपऱ्यात जायचं आहे जिथे कोणी हौसेने जात नाही. बिल्ड फाइल. अँड्रॉइड ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाकडे ती असते आणि बहुतेकांनी ती कुठून तरी उचललेली असते. चालते ना, मग काऊन हात लावता भाऊ, असा एकूण कारभार.

समजा, तुम्ही अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यांसाठी बाजारभावाचं ॲप बनवताय. कापूस, सोयाबीन, तूर यांचे भाव, आणि खाली एक बटण. ते दाबलं की बाजार समितीच्या लँडलाइनला फोन लागायला हवा. अमरावतीचा एसटीडी कोड ०७२१, अकोल्याचा ०७२४. एकाच ॲपच्या दोन आवृत्त्या काढायच्या, म्हणून हा कोड तुम्ही बिल्ड फाइलमध्ये ठेवता. ग्रेडलमध्ये त्यासाठी 'बिल्डकॉन्फिगफील्ड' नावाची सोय आहे. तिला तीन गोष्टी द्यायच्या: टाइप, नाव आणि व्हॅल्यू. दिसतोय तर आकडाच, म्हणून तुम्ही टाइप लिहिला 'इंट' आणि व्हॅल्यू ०७२१. बिल्ड झालं. एकही एरर नाही. बटण दाबलं, तर डायलरवर काय आलं? ४६५, आणि पुढे समितीचा नंबर. गाडी भरून निघायच्या आधी भाव विचारायला कोणी फोन करतोय, आणि त्याचा फोन लागतच नाही.

हे ४६५ आलं कुठून? ग्रेडल तुमच्या ओळीवरून एक जावा फाइल तयार करतो आणि व्हॅल्यू जशीच्या तशी त्यात चिकटवतो. जावाच्या नियमाने शून्यापासून सुरू होणारा पूर्णांक म्हणजे ऑक्टल, दहाच्या नाही तर आठच्या पायावरचा. मग सात गुणिले ६४ झाले ४४८, दोन गुणिले ८ झाले १६, वर एक. ४६५. अकोल्याचं होतं ४६८. दोन्ही शहरांतलं तीनचं अंतर मात्र शाबूत राहिलं, तेवढंच समाधान!

यात आपल्या वऱ्हाडाचं नशीब जरा वाईट आहे. बंगळूरूचा कोड ०८०. ऑक्टलमध्ये ८ हा अंकच नसतो, त्यामुळे कंपायलर तिथेच अडतो आणि बिल्ड थांबतं. त्यांची चूक ओरडते. आपल्या ०७२१ आणि ०७२४ मध्ये आठ-नऊ नाहीत, म्हणून आपली चूक गुपचूप फोनमध्ये पोचते. पुणे-मुंबईवाल्यांनी हसू नये. ०२० चे १६ होतात आणि ०२२ चे १८.

आता कोणी म्हणेल, मी तर कोटलिनमध्ये बिल्ड फाइल लिहितो. २०२३ पासून नव्या प्रोजेक्टला तेच मिळतं, बरोबर. कोटलिनमध्ये नुसतं ०७२१ लिहिलं तर ते साफ नाही म्हणतं, ऑक्टल चालत नाही. पण इथे तुमचा आकडा कोट्सच्या आत आहे. कोटलिनच्या दृष्टीने तो साधा मजकूर. तो त्याच्या हातून सुटतो आणि पुढे जावाच्या हातात पडतो. टाइप तपासणारा पहारेकरी आहे, पण सामान पेटीत बंद असल्यामुळे त्याला दिसलंच नाही.

उपाय सोपा आहे. टाइप 'स्ट्रिंग' लिहा आणि व्हॅल्यूला कोट्सच्या आत आणखी कोट्स द्या. ते दिसायला विचित्र दिसतं, पण बाहेरचे कोट्स ग्रेडलसाठी आणि आतले जावासाठी. आतले विसरलात तर जावा सांगेल की इंटची स्ट्रिंग होत नाही. त्या एररचा मला राग येत नाही, ती ओरडणारी चूक आहे.

आकडा दिसला तरी तो नंबर आहे का, हे कसं ओळखायचं? बेरीज करून बघा. अमरावतीचा कोड अधिक अकोल्याचा कोड, अर्थ काय? काहीच नाही. मग ती स्ट्रिंग. ४४४६०१ हा पिनकोडही तसाच. याउलट व्हर्जन कोड खरा इंटिजर, कारण नवीन अपडेट आधीच्यापेक्षा मोठं आहे का हे प्ले स्टोअर त्यावरून ठरवतं.

सगळ्यात गमतीचा आपला सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, म्हणून ७/१२. एक्सेलमध्ये टाइप करा, तारीख होते. कोट्स न देता ग्रूव्हीमध्ये लिहा, भागाकार होतो: ०.५८३३ आणि पुढे तीनच तीन. जावाच्या इंटमध्ये टाका, शून्य! अख्खा सातबारा शून्य. तलाठ्यालाही जमणार नाही असं काम एका ओळीत.

आता उलटी बाजू. 'ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज' फाइलमधून किंवा कमांडवरून जे येतं ते सगळं मजकूर म्हणूनच येतं. तिथे टेस्टमोड बरोबर फॉल्स लिहिलं तरी हातात पडते ती पाच अक्षरांची स्ट्रिंग. ग्रूव्हीत रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग 'इफ'मध्ये खरी ठरते. म्हणजे फॉल्स लिहून टेस्टमोड चालू, आणि शेतकऱ्याला खोटे, चाचणीसाठी भरलेले भाव दिसणार. हे कोडच्या चुकीपेक्षा मोठं प्रकरण आहे, कारण तो त्या भावावर माल थांबवेल किंवा विकेल.

म्हणून 'टूबूलियन' वापरायचं. पण त्यातही मेख आहे. ग्रूव्हीचं टूबूलियन 'ट्रू', 'वाय' आणि '१' या तिघांना हो समजतं. कोटलिनचं फक्त 'ट्रू'ला. फाइल ग्रूव्हीतून कोटलिनमध्ये हलवली की '१' वर चालू असलेली गोष्ट न सांगता बंद पडते. मी कोटलिनमध्ये 'टूबूलियनस्ट्रिक्ट' वापरतो. ट्रू किंवा फॉल्स सोडून काहीही आलं की ते बिल्ड पाडतं. पडू दे की बाप्पा, लॅपटॉपवर पडलेलं परवडतं.

आजच एक करून बघा. प्रोजेक्टच्या ॲप फोल्डरमध्ये बिल्ड, त्यात जनरेटेड, त्यात सोर्स, त्यात बिल्डकॉन्फिग. तिथली जावा फाइल उघडा, फार तर वीस-पंचवीस ओळी असतात. शून्याने सुरू होणारा आकडा कोट्सशिवाय दिसला, तर तो तिथे कुठल्या ओळीतून आला ते शोधा आणि ॲप पाठवायच्या आधी बदला.