आजीची जोडवी

आज पदवी धारण करून लोणीच्या या प्रांगणातून बाहेर पडणाऱ्या तरुण वैद्यांनो,

ज्या प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांनी आपला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच मुलखातील विद्यापीठाची सनद घेऊन तुम्ही आज निघत आहात. म्हणून रक्तदाबाच्या साध्या गोळीविषयी आणि ती गिळणाऱ्या याच मातीतल्या एका आजीविषयी बोलण्याची अनुज्ञा मी आपणांकडे मागतो.

पारनेर तालुक्यातील ती आजी, वय सत्तरीपलीकडचे, माझ्याकडे आली तेव्हा सुजलेल्या पावलांच्या बोटांत तिची जोडवी रुतून बसली होती. अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येते आणि ती पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक येते, हे मला मुखोद्गत होते. तरीही मीच लिहिलेल्या औषधाची ती करणी न ओळखता लघवी वाढविणाऱ्या थायाझाइडची भर मी तिच्यावर घातली. वैशाखाचे दिवस, आहार बेताचा, आणि थायाझाइडने रक्तातील सोडियम घटण्याचे भय ज्यांना सर्वांत अधिक त्या वृद्ध स्त्रियांपैकीच ती एक. तीन आठवड्यांनी सून तिला घेऊन आली ती "आत्याबाई मला ओळखीनात" म्हणत. सोडियम पूर्ववत झाले, आजी शुद्धीवर आली. पण तो प्रमाद माझ्याच अक्षरात त्या केसपेपरवर नोंदलेला होता.

ग्रंथांतील मात्रा दीर्घकाळ मुख्यत्वे मध्यमवयीन पुरुषाच्या देहावर तोलली गेली. अमेरिकेत १९७७ च्या सरकारी निर्देशाने प्रसूतिक्षम स्त्रियांना आरंभीच्या औषधचाचण्यांतून दूर ठेवले, आणि ती आडकाठी १९९३ मध्ये उठली. एनालाप्रिलच्या जातीच्या औषधांनी येणारा कोरडा खोकला स्त्रियांत अधिक आढळतो, आणि आपल्याकडे अशी बाई क्षयाच्या शंकेने थुंकी तपासून घेत हिंडते. हीच औषधे, आणि टेल्मिसार्टनही, गर्भवतीस वर्ज्य आहेत. तेव्हा तरुण सुनेला ती लिहिण्यापूर्वी दिवस गेले आहेत का, हे विचारण्यात संकोच करू नका. पुरुषाचे गाऱ्हाणे निराळे: स्पायरोनोलॅक्टोनने त्याची छाती वाढते व दुखते, थायाझाइडने कधी पुरुषत्व मंदावते, तो शरमेने बोलत नाही, गोळी मुकाट्याने सोडतो, आणि आपण "दाब आटोक्यात नाही" असा शेरा मारून मात्रा वाढवतो.

ही न सांगितलेली कैफियत ऐकण्याची तजवीज आपल्याच जिल्ह्यात झालेली आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून जामखेडला गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. दवाखान्यात जी गोष्ट ओठांवर येत नाही ती ओटीवर अशा बाईपाशी सहज बोलली जाते. तिला मान द्या, तिचे ऐका.

आणि वृद्धाचा दाब केवळ खुर्चीवर मोजून हाती कागद देऊ नका. पाच मिनिटे निजवून मोजा. मग उभे करून एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर पहाटे परसाकडे निघालेली ती आजी उंबऱ्यावरच कोसळेल आणि तिच्या खुब्याचे हाड मोडेल. बाहेर रांग कितीही लांब असो, ती तीन मिनिटे तिच्याजवळ उभे राहा, आणि आपला हात तिला धरता येईल इतका पुढे ठेवा.